आजोबांच्या मागचं विमान

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. आज आहे, असंही म्हणवत नाही. मी नांदेडला एका कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये आहे आणि जुन्या युद्धातली विमानं फोटोवरून ओळखणं हा माझा छंद... बायकोच्या भाषेत रिकामटेकडा उद्योग.

यंदा वडील गेले. आमचं गाव किल्लारीजवळ. त्या दिवसांत मी रडलोच नाही. कुणी चहा दिला की प्यायचो, कुणी उठा म्हटलं की उठायचो. आतून काही हलतच नव्हतं.

भिंतीवर आजी-आजोबांची फ्रेम होती. आजोबा विमानदलात फिटर होते, महायुद्धात ब्रह्मदेशाच्या बाजूला वारले. आजी म्हातारी होऊन गेली. भूकंपानंतर लातूरच्या एका स्टुडिओवाल्यानं दोघांचे वेगवेगळे फोटो जोडून एका फ्रेममध्ये बसवले, आपल्याकडे करतात तसे. त्यामुळे सत्तरीची आजी, शेजारी पंचविशीचा नवरा आणि त्याच्या मागे एक विमान! मूळ फोटो नंतर कुठं गेला ते कुणालाच माहीत नाही.

तेराव्याची पंगत उठल्यावर भावकीतले एक म्हातारे, वडिलांपेक्षाही मोठे, फ्रेमपुढं थांबले.

"ह्यो नारायणदा न्हाई," ते म्हणाले. "त्याचं डाव्या हाताचं बोट कापसाच्या जिनिंगमधी तुटलं व्हतं. ह्याचं उजव्या हाताचं तुटलेलं हाय. दुसऱ्याच कुनाला हार घालून राहिलात तुम्ही."

आत्या तिथंच बसली होती. ऐंशी ओलांडलेली, गावातच दिलेली. वडिलांची ही एकच बहीण. तिच्या जन्माआधीच आजोबा गेल्याची तार आली, त्यामुळे तिच्यासाठी बाप म्हणजे तेवढा फोटो. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं फ्रेम माझ्या मांडीवर ठेवली.

"सुध्या, तुला इमानातलं कळतं म्हनं. ह्यो माझा बाप हाय का न्हाई, तेवढं सांग. न्हाई म्हनलास तर काढून ठिवते."

मोबाइलवर फ्रेमचा फोटो काढला आणि नांदेडला येऊन तो मोठा करून पाहिला. विमान ब्रिटिशांचं स्पिटफायर. एका पंखाखाली रेडिएटरचं मोठं चौकोनी खोकं, दुसऱ्याखाली ऑइल कूलरची बारीक गोल नळी. दोन्हीकडं सारखं नाही, म्हणजे मार्क फाइव्ह हे मॉडेल. पण मार्क फाइव्हला मोठं खोकं उजव्या पंखाखाली असतं. इथं ते डाव्याखाली होतं... म्हणजे अख्खा फोटोच उलटा छापलेला! नवऱ्याचं तोंड बायकोकडं यावं म्हणून स्टुडिओवाल्यानं फिरवला होता. सरळ केला तर तुटलेलं बोट बरोबर डाव्या हाताला आलं.

आत्याला फोन केला. "आत्या, तुझाच बाप आहे." पलीकडून बराच वेळ फक्त रडणं ऐकू आलं.

मी तिथंच थांबायला हवं होतं. पण छंदच तसला. पंखातून तोफांच्या नळ्या बाहेर आलेल्या, म्हणजे हे लढाऊ विमान. फोटो काढणारी, बिनतोफांची स्पिटफायर आपल्याकडं आधी आली होती. लढाऊ मात्र १९४३ चा पावसाळा संपता संपता आली. आणि आजोबा गेल्याची तार त्याच वर्षीच्या उन्हाळ्यातली, पावसाळ्याआधीची. वैशाखातली तिथी आम्ही अजून पाळतो. विमानांच्या छंदवाल्यांचा आमचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, तिथल्या जाणकारांना विचारलं, त्यांचंही हेच. माणूस आजोबाच, आणि मागचं विमान ते गेल्यानंतरचं.

मला भीती वाटली नाही. काहीच वाटलं नाही. लॅबमध्ये जाऊन प्रॅक्टिकल घेतलं.

पुढच्या रविवारी गावी जाऊन आत्याला सगळं सांगितलं. म्हटलं, "कदाचित तार चुकीची असेल. म्हणजे ते जिवंत होते, पण घरी आलेच नाहीत. नाहीतर..."

"आले न्हाईत कसे?" आत्या शांतपणे म्हणाली. "आले की. माझ्या बारशाला. आई सांगायची ना. बायका पाळना म्हनून राहिल्या व्हत्या, तवा उंबऱ्यात येऊन उभे राहिले. ह्योच फोटो माझ्या उशाला ठिवला अन् गेले. आईबिगर कुनालाच दिसले न्हाईत."

आत्याचा जन्म दत्तजयंतीचा. म्हणजे तार येऊन कित्येक महिने झाले होते.

"मग बाबा कधी बोलले कसे नाहीत?"

"दादा म्हनायचा, आईचं डोकं फिरलंय, फोटो त्यांच्या सामानासंग आला आसंल. तवा सहा वर्षांचा व्हता त्यो. आईच्या मांडीला मांडी लावून पाळन्यापाशीच बसला व्हता. त्याला न्हाई दिसले, सुध्या. ते त्याला लई लागलं."

फोटो सरळ करून घ्यायला मी फ्रेम घेऊन लातूरला निघालो. ह्याचा अर्थ काय लावायचा, मला आजही माहीत नाही. ग्रुपवरही फक्त विमानाचंच लिहिलं.

एवढंच सांगतो... लातूरच्या स्टँडवर फ्रेम मांडीवर घेऊन बसलो होतो, तेव्हा पाळण्यापाशी बसलेला तो सहा वर्षांचा मुलगा डोळ्यांपुढं आला. बाप दारात येऊन गेला आणि त्याला दिसला नाही. वडील गेल्यापासून मी तेव्हा पहिल्यांदा रडलो.