हातभर सारवलेली जागा

बोईसरला कारखान्यांच्या रस्त्यावर नरहरीभाऊंची पाच खोल्यांची चाळ होती. तिच्यातली शेवटची खोली माकुणसारच्या रखमाबाईच्या नावावर होती आणि त्या खोलीचा धाक अख्ख्या चाळीला होता. नवरा गेल्यावर दिरांच्या तोंडाकडे बघत बसण्यापेक्षा रखमाबाई सरळ औषधांच्या कंपनीत पॅकिंगला लागली. स्वतःच्या हिमतीवर खोली घेतली आणि भाडं परवडावं म्हणून कामावरच्या दोघी बायका सोबतीला ठेवल्या. हे सत्त्याहत्तर साल. एकट्या बाईला खोली देताना लोक शंभर प्रश्न विचारत. नरहरीभाऊंनीही विचारले आणि उत्तरं ऐकून किल्ली दिली.

तिचा एक नियम होता. खोलीत येणारीनं तिच्याकडे डिपॉझिट ठेवायचं आणि जाताना जागा होती तशी करून द्यायची. नाही केली, तर रखमाबाई स्वतः घासायला बसे आणि त्याची मजुरी कापून उरलेले पैसे हातावर ठेवी. सख्ख्या भाचीचे, उषाचे, तिनं स्टोव्हच्या काजळीपायी कापले होते. उषाची आई वर्षभर तिच्याशी बोलत नव्हती, पण रखमाबाईला त्याचं काडीचंही वाटलं नाही. कजाग म्हणा हवं तर. तिच्या खोलीतून कुणी फसून बाहेर पडलं नाही, हे तिला शिव्या घालणाऱ्याही कबूल करत.

मासवणकडच्या पाड्यावरची जिवली तीन वर्षं तिच्याजवळ राहिली. शहाऐंशीच्या मे महिन्यात ती खोली सोडून घरी निघाली. पाऊस तोंडावर होता, घरावर कौलं घालायची होती आणि कौलांच्या हिशेबात डिपॉझिटही धरलेलं होतं. नियम तिला पाठ होता. म्हणून जायच्या दिवशी, रखमाबाई पहिल्या पाळीला गेल्यावर, तिनं जागा मनापासून साफ करायला घेतली.

रखमाबाई दुपारी परतली तर दारात नरहरीभाऊ लालबुंद होऊन उभे. त्यांनी हौसेनं केलेली चकचकीत सिमेंटची जमीन जिवलीनं मागच्या गोठ्यातलं शेण आणून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सारवली होती. हात इतका सफाईदार की बोटांच्या अर्धगोल रेषा एकीत एक बसलेल्या. ती गाठोडं घेऊन ओट्यावर बसली होती. ओल्यात पाय पडेल म्हणून भाऊ आत जात नाहीत, असं तिला वाटत होतं.

"रखमाबाय, आमचेकडं घर सोडताना सारवून जातात," ती म्हणाली. "तुमचं सिमिट नुसतं उघडंच होतं. तीन वर्सं मनाला लागत होतं."

नियम रखमाबाईच्या ओठांवर आलाच होता. जिवलीचा चेहरा बघून तिनं तो गिळला. या बाईनं जाताना आपल्याजवळचं सगळ्यात चांगलं ते दिलं होतं. त्याला घाण म्हणायला रखमाबाईची जीभ रेटेना. तिनं नरहरीभाऊंना बाजूला नेलं.

"ती गाडीत बसेस्तोवर एक शब्द बोलायचा नाय," ती म्हणाली. "जमीन मी धुते. डाग राहिला तर माझ्या डिपॉझिटातून कापा."

तिनं जिवलीच्या हातावर पुरते पैसे ठेवले, तिला एसटीत बसवून दिलं आणि परत येऊन पदर खोचून घासायला बसली. संध्याकाळपर्यंत जमीन पहिल्यासारखी झाली. फक्त स्वतःच्या अंथरुणाखालची हातभर जागा तिनं तशीच राहू दिली. पुढं दर दिवाळीला तेवढी जागा ती ताज्या शेणानं सारवायची. आपला हात जिवलीसारखा वळत नाही, हेही स्वतःच सांगायची. असा कडकपणा मला फार आवडतो, ज्याला कुठं थांबायचं ते कळतं.

चौऱ्याण्णव साली नोकरी संपवून रखमाबाई माकुणसारला निघाली. नरहरीभाऊंनी खोली पाहिली. कुठं काजळी नाही की जाळं नाही, फक्त अंथरूण उचललं तिथं हातभर हिरवट चौकोन. ते म्हणाले, राहू दे, सतरा वर्षांत तुम्ही एक तक्रार येऊ दिली नाही, मी पुसून घेईन.

"नाय," रखमाबाई म्हणाली. "डाग हाय, तर मजुरी कापा. उषाची कापली, तशी माझी पण."

नरहरीभाऊंनी कापली आणि उरलेले पैसे तिच्या हातावर ठेवले. ती गेल्यावर वाकून त्यांनी चौकोनाला बोट लावलं. जागा ओली होती. निघायच्या सकाळी उठून तिनं ती सारवली होती.