मोटेचं पाणी

"मोट आत घ्या रे. बाईला मागच्या दारानं येऊ द्या."

संग्रहालयाचे अण्णासाहेब हे बोलले तवा माझा एक पाय उंबऱ्याच्या आत हुता. जुन्या वाड्याचा चौक नवा केलेला, सकाळीच तितं पूजा झालेली. मागच्या बोळात शिवून पुढं आणलेली मोट दोन गड्यांनी माझ्या हातातनं घेतली. कातडं पुढच्या दारानं आत गेलं. कातडं शिवणारी मी संडासाच्या बोळातनं.

आमी ढोर, कातडं कमावणारी जात. बाप कुंभारी गावात मोटा शिवायचा. पोरगा नव्हता म्हणून कातडं टोचायची आरी माझ्या हातात दिली. आता साठीला आले. अण्णासाहेबांच्याच मळ्यातली ही हिरीचं पाणी काढायची मोट. ह्या शिकलेल्या लोकांनी तिला कपाटाचं पॉलिश मारलं. चार दिस चमकली आन् तडकली. मग माझा पत्ता शोधत आले. महिनाभर त्या बोळात बसून मी करडईचं तेल जिरवलं, टाके घातले. समद्यांना स्टीलच्या पेल्यात चहा, मला कागदी कपात. गप गिळला. लाज मलाच वाटायची, त्यांना न्हाय. त्याचाच आता लई राग येतो.

आमच्यात एक रीत हाय. मोट शिवली की मालकाच्या डोळ्यादेखत पाणी भरून दावायची. थेंब गळला न्हाय, तरच काम झालं म्हणायचं.

उद्घाटनाला पाव्हणे जमले. मोट चौकात लाकडी घोडीला टांगलेली. मी बोळातनं आले आन् बादलीनं पाणी ओताय लागले. अण्णासाहेब लगबगीनं आले, कानाशी बोलले, "चामड्याचं पाणी इथं सांडू नकोस. पूजा झालीय."

माझं डोकं फिरलं. पर हात थांबला न्हाय.

"अण्णासाहेब, ह्याच मोटेचं पाणी तुमचा आजा प्यायला. तवा बाटला न्हाय व्हय?"

मोट काठोकाठ भरली. थेंब गळला न्हाय. मग मीच मोटेची वर बांधलेली सोंड सोडली. पाणी चौकभर पसरलं, पाव्हण्यांच्या पायाखालनं गेलं. काम गेलं, एवढं कळत हुतं. तरी त्या पाण्यातनं चालत मी पुढच्या दारानं भाईर पडले.

परवा त्यांचाच फोन आला. पाणी वाहायची एक कातडी पखाल फाटलीय, शिवणार का म्हणून. मी म्हणलं, शिवते की. चौकात बसून शिवीन, आन् पाटीवर माझं नाव पायजे. जमत नसंल तर फाटकीच ठेवा. फकस्त ती फाटकी का ऱ्हायली, तेवढं खाली खरं लिवा.