अहवालात लिहिलेली चिकाटी

आमच्या इमारतीत पावसाचं पाणी शिरलं की मी ते मोजतो. नायगावला येऊन अकरा पावसाळे झाले, त्यांपैकी सहा वेळा पाणी जिन्यापर्यंत आलं. सहाही वेळची उंची माझ्या वहीत आहे. मी चौथ्या मजल्यावर राहतो, त्यामुळे मोजायला खाली उतरावं लागतं.

तळमजल्यावर पहिल्या दारात एक काकी राहतात. इमारत उभी आहे ती त्यांच्या सासऱ्यांची भातजमीन. बदल्यात मिळालेलं घर तळमजल्याचं. घरात त्या आणि नव्वदीला टेकलेल्या सासूबाई, दोघीच.

गेल्या पावसाळ्यात एके दिवशी दुपारी बारा वाजता मी गॅलरीतून पाहिलं, तेव्हा पाणी त्यांच्या दारातून आत गेलेलं होतं. दोनला टेप घेऊन उतरलो. सासूबाई पलंगावर होत्या आणि पलंगाच्या पायांखाली विटा रचल्या होत्या. टेपचं दुसरं टोक धरायला कोणी नव्हतं, म्हणून मी काकींना सांगितलं. त्यांनी पाण्यात वाकून ते लादीला टेकवून धरलं. बावन्न सेंटिमीटर.

मग त्यांनी विचारलं, पहिल्या मजल्यावरची सोसायटीची खोली उघडता येईल का, म्हातारीला तिथे नेते. खोलीत एक टेबल, बारा खुर्च्या आणि कॅरम. सेक्रेटरी मी, किल्ली माझ्याकडे. मी म्हटलं, खोली कुणाच्या वापराला द्यायची तर कमिटीचा ठराव लागतो, आणि सातांपैकी तिघेच आज इमारतीत आहेत. हे खरं होतं. काकी "बरं" म्हणाल्या. मी वर आलो, पाय धुतले, आकडा लिहिला आणि जेवायला बसलो.

आमच्या घरी चला, असंही मी म्हणालो नाही. ते सुचलंच नाही असं लिहिणार होतो, पण सुचलं होतं. सासूबाईंचं अंथरूण ओलं होतं हे मला माहीत होतं.

पाणी दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला ओसरलं.

यंदाचा वार्षिक अहवाल लिहिताना मी त्यात एक वाक्य घातलं: 'तळमजल्यावरील भगिनींनी एकवीस तास पाण्यात राहून दाखवलेली चिकाटी व जिद्द सर्वांना प्रेरणादायी आहे.' आधी 'सहनशीलता' लिहिलं होतं. ते तक्रारीसारखं वाटलं, म्हणून खोडलं. चिकाटी हा माझा आवडता शब्द. मुलीच्या अभ्यासापासून माझ्या नोकरीपर्यंत सगळीकडे तो मला लागू पडलेला दिसतो. वाक्य वाचून मला बरं वाटलं होतं, हेही सांगायला हवं.

अहवाल घरोघर गेल्यावर काकी तो घेऊन वर आल्या. अकरा वर्षांत दुसऱ्यांदा. ते वाक्य त्यांनी बोट ठेवून वाचलं.

"भाऊ, जिद्द म्हनजे मला वर जायचं नव्हतं नि मी हटून खाली बसले, असं होतं ना? मी तर जागा मागत होते."

मी म्हटलं, हे कौतुक आहे, काकी. तुमच्याकडे याला काय म्हणतात?

"काय म्हननार? दिवस काढला म्हनतो. त्याची शाबासकी कोनी देत नाय." मग जरा हसल्या. "नि एकवीस नाय, तेवीस. पानी दहालाच आत आलेलं."

त्या गेल्यावर बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. काकींनी जागा मागितल्याचं मी तिला कधीच सांगितलं नव्हतं. आता सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "टेप मात्र धरायला लावलीस."

वार्षिक सभेत मी ते वाक्य मागे घेतलं आणि त्याजागी हे वाचलं: पाणी तेवीस तास होतं, खोलीची किल्ली सेक्रेटरीकडे होती, तळमजल्यावरून मागणी होऊनही सेक्रेटरींनी ती उघडली नाही. एक सभासद म्हणाले, साहेब, हे कशाला कागदावर घेताय, नाव तुमचंच खराब होईल. मी ते कागदावर घेतलं. मग ठराव मांडला की पाणी शिरल्यास तळमजल्यावाल्यांनी ती खोली न विचारता वापरावी. सगळे हात वर झाले. मी घड्याळ पाहिलं होतं. मांडण्यापासून मंजुरीपर्यंत सहा मिनिटं लागली.

काकी सभेला आल्या नव्हत्या. सांगायला मी खाली गेलो, तर पलंग भिंतीला उभा करून ठेवलेला. सासूबाईंना त्यांनी पावसाळ्याआधीच नंदाखालला नणंदेकडे पोचवलं होतं. तीन महिने झाले होते. रोज दोनदा मी त्या दारावरून जातो, पण मला पत्ता नव्हता.

मी म्हटलं, आता खोली आहे, त्यांना परत आणा. काकींनी तिथल्या तिथे नणंदेला फोन लावला, स्पीकरवर टाकला, सासूबाईंना द्यायला सांगितलं आणि ठरावाचं कळवलं. म्हातारीला ऐकू कमी येतं, म्हणून दोनदा सांगावं लागलं.

"मागायला कोन जानार?" तिकडून आवाज आला.

काकींनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "आता मागावं लागनार नाय."