कॅरिअर नसलेल्या सायकलवर मागं बसलेली

आमच्या घरात कुणाच्या अंगात येत नाही. ज्यांच्या येतं त्यांच्याकडं बघून मला हसू यायचं. तिन्हीसांजेला केस मोकळे सोडायचे नाहीत, लिंबू ओलांडायचा नाही, हे सगळं मी सासूबाई सांगतात म्हणून पाळते, मनातून नाही. वालचंदनगरला क्वार्टरमध्ये ज्या काकूंकडं मी स्वयंपाकाला जाते, त्या जुनी मासिकं मला देतात. त्यात शेवटी लोकांचे असले अनुभव असतात. वाचताना वाटायचं, ह्यांना घरात कामं नसतील. आणि आता मीच लिहायला बसलेय… शाळा चौथीपर्यंत, तेव्हा चुकलं तर समजून घ्या. कुणाला दाखवायचा धीर होणार नाही, पण समोर कुणीतरी वाचतंय असं धरलं की सरळ लिहिता येतं.

आम्ही कळंबला राहतो, गावाच्या थोडं बाहेर, वस्तीवर. चारी बाजूंनी ऊस. घरात सासूबाई, त्यांना आम्ही आत्या म्हणतो. आमचे हे, माझी मुलगी श्रेया, धाकटे दीर आणि त्यांची बायको वर्षा. गोष्ट वर्षाची आणि माझी आहे.

वर्षा बारामतीची. तिथंच एका खासगी दवाखान्यात रक्त तपासायच्या खोलीत कामाला आहे. लग्नाआधीपासून सायकलच्या शर्यती खेळते. सायकल म्हणजे आपली नव्हे. वाकड्या हँडलची, बोटावर उचलावी इतकी हलकी, टायर अंगठ्याएवढे. तिला मडगार्ड नाही, घंटी नाही, कॅरिअर नाही. हे लक्षात ठेवा, कॅरिअर नाही.

मला तिचा हेवा वाटतो. हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं सगळं खोटं होईल.

माझं माहेर लासुर्ण्याच्या बाजूला. पाचवीची शाळा लांब होती आणि घरात सायकल एकच. ती भावाला मिळाली. त्याच्या मागं बसून जाते म्हटलं तर तो म्हणाला, पोरं हसतात. झालं, शाळा संपली. सायकल मला आजही येत नाही. आणि ही बाई माझ्याच घरात येऊन घट्ट चड्डी घालून सायकल चालवते, आणि आत्या तिच्यासाठी खारका भिजत घालतात!

तिचा सराव नोकरीत कसा बसतो ते लोक तिला विचारतात. मला विचारा. ती पाचला उठते, मी तिच्या आधी उठते. फोनवर तिच्या सरांचा निरोप आलेला असतो, आज किती जोरात, किती सैल. ती वालचंदनगरवरून जंक्शनच्या फाट्याला जाते, तिथून इंदापूर रस्त्याला लागते, अंथुर्णे सोडून शेळगावपर्यंत आणि परत. तोवर मी धारा काढते, शेण भरते, भाकरी टाकते, तिचाही डबा भरते. ती येते, अंघोळ करते, स्कूटीवर बारामतीला जाते. जर्सी मी धुते. ओला रस्ता असला की मागचं चाक चिखल उडवतं, तिच्या पाठीवर कमरेपासून मानेपर्यंत सरळ काळी रेघ उठते. ती रेघ सहज निघत नाही. दगडावर घासावी लागते.

संध्याकाळी सायकल पडवीत स्टँडला लावून ती जागच्या जागी चालवते. आत्या समोर बसून बघतात.

"पोरी, येवढा घाम गाळती, पर पोचती कुठं?"

"इंदापूरला पोचले की आत्या आत्ताच. तुम्हाला काय आणू?"

"पेढं आण मग."

दोघी हसतात. मी आत कांदा चिरत असते. श्रेया तिच्या चाकापाशी बसून म्हणते, "मला काकीसारखं व्हायचंय." माझ्यासारखं कुणाला व्हायचं असतं?

तर मूळ गोष्ट. सकाळी भाकरी झाल्यावर मला थोडा वेळ मिळतो. चहा घेऊन मी मागच्या पायरीवर बसते. हात थांबले की मन तिच्यामागं जातं. आता ती जंक्शनला वळली असेल. आता मोकळा रस्ता लागला असेल, कानाला वारा लागत असेल, कुणी हाक मारत नसेल… असं बसल्या बसल्या माझ्या छातीत काहीतरी आवळत जायचं. मग आत्यांची हाक आली की सुटायचं.

एक दिवस वर्षा जेवताना म्हणाली, "सायकलला काहीतरी झालंय. जंक्शन सोडलं की जड होते."

"वारं असंल," हे म्हणाले.

"वारं समोरून ढकलतं, भावजी. हे मागं ओढतं. कुणीतरी मागं बसल्यासारखं."

"कुठं बसंल? कॅरेल कुठाय तिला?" आत्या म्हणाल्या, आणि सगळे हसले. मीही हसले.

बारामतीच्या सायकलवाल्यानं सगळी सायकल उघडून बघितली. ब्रेक घासत नव्हता, बेअरिंग चांगलं होतं. तरी रोज जंक्शनच्या पुढं जड व्हायची आणि काही वेळानं एकदम हलकी. उतरल्यासारखं वाटतं, असं ती सांगायची. एकदा आत्या लेकीकडं गेल्या होत्या. त्या दिवशी मला हाक मारायला कुणी नव्हतं, मी बराच वेळ पायरीवर बसून राहिले. वर्षा आली ती तोंड उतरवून.

"आज उतरलंच नाही, ताई. परत येताना वालचंदनगरपर्यंत होतं."

माझ्या हातातल्या तांब्यातलं पाणी सांडलं. मी फडकं घेऊन पुसायला बसले.

आत्या परत आल्या आणि त्यांनी ठरवलं, पोरीला दृष्ट लागलीय. "संगे, मीठ-मव्हऱ्या घे, मिरच्या घे. थोरली हायस, तूच उतर."

मीच! वर्षाला पाटावर बसवलं. मी मुठी वळून तिच्यावरून फिरवायला लागले. आत्या म्हणत होत्या तसं मागनं म्हणत होते, शेजारणीची, पाजारणीची, रस्त्यानं जाणाऱ्याची. मग त्या म्हणाल्या, "घरच्याची म्हण की." माझी जीभ उचलेना. तोंडातल्या तोंडात म्हटलं. मुठी चुलीत टाकल्या. मिरच्या तडतडल्या, काळ्या झाल्या… पण ठसका नाही. कुणालाच नाही. आमच्याकडं समजतात, मिरची जळून तिखट धुराची खाट उठली नाही की दृष्ट जबर.

"बघा, केवढी हाय ती!" आत्या म्हणाल्या. "ज्या कुणाची असंल ती मला कळू दे. ह्या घराचा उंबरा वलांडू द्यायची न्हाय मी तिला."

मी चुलीतली राख सारत बसले. एवढं सगळं करून माझी जागा ह्या घरात किती, तर उंबऱ्याच्या आत. तीही जाणार असेल तर मी जायचं कुठं? त्या दिवसापासून मी पायरीवर न बसायचं ठरवलं. पण कामातून मोकळी झाले की पाय आपोआप तिकडंच वळायचे.

आणि मग तो चिखलाचा दिवस.

मी पोपटी साडी नेसले होते, नुकतीच धुतलेली. पायरी कोरडी, मागची भिंत कोरडी. पावसाचा थेंब नाही. चहा प्याले, बसले, मन गेलं. भानावर आले ती आत्यांच्या हाकेनं. उठून नळावर गेले तेवढ्यात वर्षा आली. सायकल चिखलानं भरलेली, तिच्या नडग्या काळ्या.

"अंथुर्ण्याच्या अलीकडं उसाच्या पाण्याची चारी फुटलीय," ती धापा टाकत म्हणाली. "रस्ताभर चिखल. आणि वर ते मागं बसलेलं…"

"संगे!" आत्या माझ्या मागं उभ्या होत्या. "अगं, पाठीला काय लावून घेतलंस?"

"काय लागलंय?"

"चिखुल हाय की. कमरंपास्नं मानंपत्तूर. सरळ रेघ! कुठं आडवी झाली व्हतीस?"

"कुठं न्हाय आत्या. हितंच बसले व्हते."

मी हात मागं नेला. गार, ओला चिखल. चारीच्या पाण्याचा वास येत होता त्याला. मी वर्षाकडं बघितलं. ती सायकल भिंतीला लावायला वळली होती आणि तिची पाठ माझ्यासमोर होती. निळी जर्सी. त्यावर एक थेंब नव्हता. एवढ्या चिखलातून आली आणि पाठ कोरडी, स्वच्छ. मधे कुणी बसलं असेल तरच अशी राहील.

ती वळली. तिनं माझी पाठ बघितली. मग आपला हात मागं नेऊन स्वतःची पाठ चाचपली. बोटांकडं बघितलं. आम्ही दोघी एकमेकींकडं बघत राहिलो. तिनं एक शब्द बोलायची खोटी, माझा संसार आत्यांच्या हातात होता.

"अहो आत्या," वर्षा म्हणाली, "सारवणाची बादली ठेवलेली तिथं गोठ्याच्या दाराला. ताई टेकल्या असतील. मलाही परवा लागलं होतं."

"आंधळी हायस का गं," म्हणून आत्या आत गेल्या.

गोठ्याच्या दाराला बादली नव्हती. तिनं मला वाचवलं. मी तिचे पाय धरायला हवे होते. पण खरं सांगू? मला वाटलं, हेही हिलाच जमावं! चांगुलपणासुद्धा हिच्याच वाट्याला!

त्या आठवड्यात ती माझ्याशी नेहमीसारखीच बोलली. शनिवारी मात्र भांडी घासताना शेजारी येऊन बसली.

"ताई, उद्या शर्यत आहे. बारामती ते इंदापूर. पहिली आले तर पुढं राज्याला जायला मिळेल."

"व्हय, ठाव हाय."

"उद्या तुम्ही पायरीवर बसू नका. सगळ्यांबरोबर रस्त्यावर या."

तिच्या आवाजात राग नव्हता. मी "बरं" म्हणाले. राखेनं कढई घासत राहिले.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे टेम्पोत बसून अंथुर्ण्याच्या पुढच्या चढाला जाऊन उभे राहिलो. लोक शिट्ट्या मारत होते. मी पदर घट्ट धरून आत्यांच्या मागं उभी. मनात सारखं एकच, आज काही होऊ नये. तिच्यासाठी का माझ्यासाठी, ते नका विचारू. आधी पुरुष गेले. मग बायका आल्या. त्या चढाला सगळ्या जिथं वाकून, मान हलवत रेटत होत्या, तिथं वर्षा उभी राहून, उतारावरून यावी तशी निघून गेली. श्रेया ओरडली, "काकी!" मी मुद्दाम तिच्या मागं बघितलं. काही नव्हतं. जर्सी फडफडत होती.

आम्ही टेम्पोनं इंदापूर गाठलं. ती पहिली आली. दुसरी यायला एवढा वेळ लागला की इंदापूरला लोक विचारायला लागले, बाकीच्या बायका आहेत का न्हाईत! तिथं एका मुलीच्या सरांनी तिला विचारलं, "नोकरी करून एवढी ताकद कुठनं आणली? वजन बांधून सराव करता काय?"

वर्षानं गर्दीतून माझ्याकडं बघितलं आणि हसली. "घरच्यांची मदत आहे," म्हणाली.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आत्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, "थोरलीनं लय केलं तिच्यासाठी." माझं जळणंसुद्धा तिच्याच कामी आलं होतं. महिनोन् महिने मला ओढून ओढून तिच्या मांड्या पक्क्या झाल्या. माझं म्हणून एक काहीतरी होतं, कुणाला न दाखवण्यासारखं का असेना, तेही तिनं वापरून घेतलं.

पुढं राज्याचा सराव चालू झाला. एका सकाळी सायकल बाहेर काढताना ती घुटमळली. हेल्मेटचा पट्टा लावला, सोडला, परत लावला.

"ताई, एक मागू?"

"काय?"

"सायकल फार हलकी झालीय. चढाला पाय पूर्वीसारखे लागत नाहीत." तिनं आत्या कुठं आहेत ते बघितलं. "आज निवांत चहा घ्या की… पायरीवर."

ती गेली. मी भाकरी आटोपल्या, चहा घेतला, बसले. आणि मी जळले, अगदी मनापासून. तिची नोकरी, तिचे पाय, तिचं ते मोकळेपणानं मागणं, सगळं आठवून जळले. आत्यांना सांगून ठेवलं होतं, डोकं दुखतंय, हाक मारू नका.

ती परत आली. मी तिच्या तोंडाकडं बघत होते.

"नाही आलं कुणी," ती म्हणाली. मीच कामाला दांडी मारल्यासारखं तिनं माझ्याकडं बघितलं.

त्यानंतरही बसून बघितलं. काही नाही. हेवा तसूभर कमी झालेला नाही, तो इथं आहे, हे लिहिताना हाताशी आहे. मग ती मागं बसणारी गेली कुठं? वर्षा म्हणते, सोडा ताई, माझा भास असेल. चिखलाचं ती काढत नाही, मीही काढत नाही. मला ह्याचा उलगडा झालेला नाही, आणि कुणाला विचारायची सोयही नाही.

एक मात्र राहून राहून मनात येतं. ती जी कोण बसायची, तिनं जंक्शनच्या पुढचा सगळा रस्ता बघितला. दिवस उजाडताना, कानाला वारा लागत, कुणाची हाक नसताना. मला त्यातलं काहीच आठवत नाही. मी तर पायरीवर होते. आणि आता ती मला न सांगता कुठंतरी उतरून तिच्या वाटेनं निघून गेलीय.

आजकाल मला वर्षापेक्षा तिचाच जास्त हेवा वाटतो.