कर्व्ह न केलेलं नाव

स्टीलची पट्टी टेबलावर आदळली की आधी फट् असा आवाज येई, आणि मग तिचा कंप बराच वेळ लाकडात गुणगुणत राही. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या डिझाइनच्या दुकानात त्याच आवाजाने दिवस उजाडे. पट्टी आपांची, दुकानाच्या मालकिणीची. पट्टीमागून येणारा प्रश्नही त्यांचाच: "कर्व्ह केलं का?"

मी तिथे मराठी मजकूर लावत असे. उर्दू, फारसी, अरबी आपांकडे. लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या, अत्तराच्या कुप्यांवरची लेबले. ती लिपी उजवीकडून डावीकडे जाते, आणि तिच्यातली अक्षरे एकमेकांचे हात धरून चालतात. आमच्या सॉफ्टवेअरला हे दोन्ही मान्य नव्हते. फाईल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की ओळ उलटी फिरे, अक्षरे सुटी होऊन पडत. उपाय एकच: पाठवण्याआधी अक्षरांचे 'कर्व्ह' करायचे, म्हणजे मजकुराचे निव्वळ चित्र करून टाकायचे. मग ते मोडत नाही. मात्र त्यातला एक नुक्ता, अक्षराचे साधे टिंबसुद्धा, पुन्हा बदलता येत नाही.

एका फ्लेक्सवाल्याने मोडलेली अक्षरे तशीच छापून आणली आणि वर म्हणाला, "एवढं कोण वाचतंय, आपा?"

आपांनी कटर उचलला आणि तो ओला, उग्र वासाचा फ्लेक्स उभा-आडवा फाडला. "तुझे हातपाय असेच वेगळे करून ठेवू का रे? बायको वळखंल तुला?" तो हसायला गेला, पाते अजून उघडेच आहे हे पाहून थांबला. थोड्या वेळाने आपांनी त्याच्यासाठी चहा मागवला, तोही रागातच.

तुमच्याही पाहण्यात असेल असे माणूस, ज्याचा संताप आपण उन्हासारखा गृहीत धरून चालतो.

मग त्यांचा धाकटा भाऊ मारला गेला. बाजारात गाडी लावण्यावरून बाचाबाची झाली, समोरच्याने चाकू काढला. वार अडवताना त्याचा तळहात आरपार चिरला होता. त्याबद्दल आपा एकदाच बोलल्या.

मृत्यूनंतर चाळिसाव्या दिवशी कबरीवर दगड बसायचा होता. वर नाव, मधे तारीख, खाली फारसीतली एक ओळ. आपांनी ती फाईल स्वतः लावली, स्वतः पाठवली. त्यांचा नेहमीचा प्रश्न त्यांनाच विचारण्याची हिंमत मला झाली नाही.

आदल्या दिवशी आम्ही दोघी बीड बायपासवर दगड पाहायला गेलो. काळा ग्रॅनाइट पाण्याने निथळत होता. हवेत भुकटीचा कोरडा, जळका वास. नाव उलटे कोरलेले होते. प्रत्येक अक्षर दुसऱ्यापासून तुटून एकटे.

"मॅडम, मला कुठं येती ही लिपी?" कारागीर म्हणाला. "फाईलीत दिसलं तसं मशीननं कोरलं."

आपांनी त्याचाच घण उचलला.

"एकदा कापला ना त्याला! आता नाव पण कापता? कापा! अजून कापा!"

पहिल्या घावाला ठिणगी उडाली. दुसऱ्याला दगड तडकला, पुढच्याला दुभंगला. एक कपची त्यांच्या भुवईत घुसली, रक्त डोळ्यात उतरले, तरी हात चालूच. दगडाचे तुकडे-तुकडे झाल्यावर कारागिराने घण अलगद काढून घेतला. "ओ ताई, बस करा. लई लागलंय. उद्या दुपारपर्यंत दुसरा देतो मी. फाईल तेवढी नीट द्या."

रिक्षात त्या ओढणी भुवईवर दाबून बसल्या.

दुकानात येऊन मी फाईल उघडली. नावावर माउस नेला, आणि अक्षरांमधे कर्सर लुकलुकू लागला. मजकूर अजून जिवंत होता.

"आपा, कर्व्ह केलेलं नाही."

"माहीत हाय मला." त्यांचा आवाज फाटला होता. "केलं की मग काहीच बदलता येत नाय ना गं. तारीख पण नाय."

मी ओळ तपासली, तारीख तपासली. नावासकट सगळा मजकूर निवडला. कर्व्ह करायच्या कळीवर बोट ठेवून मी त्यांच्याकडे पाहत राहिले.

आपांनी भिंतीकडे तोंड फिरवले. दातांआडून श्वास येत-जात होता. मुठीत रक्ताळलेली ओढणी पिळली जात होती.

"दाब."