टेलरमास्तर आणि छतावरची फेरी

आयुष्यभर शिवणयंत्रावर पाय हलवले, पण पोचलो कुठेच नाही, असं म्हणून टेलरमास्तरांनी दुकान बंद केलं आणि एक जुनी घरगाडी आणून दारात उभी केली. आत दोन बाकडी, शेगडी, छोटा फ्रिज. छतावर दोन सोलर पॅनल.

बायकोने आत डोकावून एवढंच विचारलं, "चालवणार कोण?"

"मी. दुसरं कोण?"

लायसन्स बायकोकडेही होतं, पण ते कपाटात, ठेवणीतल्या साडीच्या घडीत पडून होतं.

पहिल्याच सहलीत फ्रिज बंद पडला आणि दूध नासलं. मेहुणा वायरमन. त्याने वर चढून पाहिलं आणि सांगितलं, "भावजी, पॅनलनी मान टाकलीय. नवे घ्या, रविवारी येऊन बसवून देतो."

पण रविवारपर्यंत थांबतील ते मास्तर कसले! "कोटाला बाही लावणाऱ्याला पॅनल लावता येत नाही होय?" म्हणत ते गळ्यात टेप अडकवून शिडीने छतावर चढले. जुने पॅनल छताला घट्ट चिकटलेले. मास्तरांनी त्यांच्या खालून तंगूस, म्हणजे नायलॉनचा चिवट दोरा, घातला आणि करवतीसारखा ओढत ओढत ते अलगद उसवून काढले. नवे दोन पॅनल वर आणले, वायरी जोडल्या, आतला हिरवा दिवा लागलेला पाहून आले. आता फक्त कोपऱ्यांच्या पट्ट्या चिकटवायच्या होत्या. पेस्टच्या नळीवर लिहिलं होतं, सुकेपर्यंत दाब द्यावा.

दाब द्यायला वर होतं कोण? मास्तर दोन पॅनलच्या मधे उताणे झोपले आणि हातपाय पसरून त्यांनी चार पट्ट्या दाबून धरल्या. ऊन कोवळं होतं. वाळत घातलेल्या सदऱ्यासारखे पडल्या पडल्या त्यांचा डोळा लागला.

एवढ्यात गटार उपसायची गाडी गल्लीत आली आणि हॉर्नवर हॉर्न वाजू लागले. बायको बाहेर आली. मास्तरांचा पत्ता नाही, शिडी मात्र गाडीला टेकून उभी.

"गेले असतील खिळे आणायला. पसारा टाकून जायचं, ही सवयच," असं पुटपुटत तिने शिडी अंगणात नेऊन ठेवली, किल्ली घेतली आणि वाट मोकळी करायला घरगाडी चालू केली.

मास्तर जागे झाले ते घराची कौलं मागे सरकताना बघूनच.

"अगं! अगं थांब!" ते ओरडले. इंजिनच्या घरघरीत कोण ऐकतंय? टाचांनी छत बडवलं. खालून आवाज आला, "बघा, पहिल्याच दिवशी पॅनल खडखडायला लागले!"

हात सोडावे तर पट्ट्या सुटतील आणि आपणही रस्त्यावर येऊ, म्हणून मास्तर पट्ट्यांना बिलगून राहिले. न्हाव्याच्या दुकानात तोंडाला फेस लावलेलं गिऱ्हाईक खुर्चीतून अर्धं उठलं. एक फांदी मास्तरांच्या नाकावरून झाडू मारून गेली. पुढे गतिरोधक होता. मास्तर चालवत असले की तिथे आतल्या कपबशा हटकून पडायच्या. त्यांनी डोळे मिटले. गाडी पाळण्यासारखी वर गेली आणि खाली आली. मग ते बोळाचं वळण! तिथे मास्तरांना तीनदा मागेपुढे करावं लागायचं. बायकोने एका झटक्यात गाडी वळवली. भीतीने गारठलेल्या मास्तरांच्या तोंडून निघून गेलं, "वा!"

मोकळ्या मैदानात गाडी थांबली. बायको खाली उतरली आणि वर बघून तिचे डोळे पांढरे झाले.

"अहो! तुम्ही वर काय करताय?"

"दाब देतोय," मास्तर म्हणाले. मग जरा दमाने, "गाडी कुठे शिकलीस एवढी?"

"शिकायचंय काय त्यात? शेजारी बसून तुमचं बघत होते. तुम्ही जे करता ते नाही केलं, झालं!"

शिडी घरी राहिली होती.

"आता उतरता कसे? कुणाला बोलावू?"

मास्तरांनी मैदानात जमू लागलेल्या माणसांकडे पाहिलं. "नको. घरी चल. आणलीस तशीच ने."

पट्ट्या पक्क्या बसल्या होत्या. एक पॅनल बोटभर तिरका बसलाय, हे मेहुण्याने रविवारी दाखवून दिलंच. पुढच्या सहलीला लायसन्स साडीच्या घडीतून बाहेर आलं. फ्रिजमधल्या गार पाण्याची बाटली मांडीवर घेऊन मास्तर शेजारच्या सीटवर बसले आणि वळण आलं की श्वास रोखून गप्प राहायला शिकू लागले. ते काही त्यांना लवकर जमलं नाही.