खाटीले अडकवलेला हात

ऐका, हे सांगतल्याशिवाय मले चैनच पडून नाही राहिलं! नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाले मी राजापेठात रूम करून राहत होती अन् अमरावतीच्या एका सरकारी दवाखान्यात माझी ड्युटी कैदी वॉर्डात लागली. पेशंट एकच. जेलमधून आणलेला म्हातारा, दोन्ही किडन्या गेलेल्या, उजवा हात बेडीनं खाटीच्या उशाकडच्या वरच्या दांड्याले अडकवलेला.

त्याचं एकच म्हणणं होतं. धारणीवरून लेक येऊन राहिली, तिनं आपल्याले बेडीत पाहू नये.

"काका, सोडा ना," मी पहाऱ्यावरच्या हवालदाराले म्हटलं.

"ती दारात आली का सोडतो, पोरी. मांगं एक असाच मरायले टेकलेला खिडकीतून पळाला, अन् मले सस्पेंड केलं."

म्हातारा हसला. "मी संडासले उठून नाही राहिलो साहेब, अन् तुमी खिडकी म्हणता!"

हवालदारही हसला. चावी काढून त्यानं वरच्या खिशात ठेवली.

लेकीची बस घाटात बंद पडली. इकडं दुपारी मी सलाईन बदलून वळली, तं म्हाताऱ्याचा श्वासच नाही. डॉक्टर आले, पाहिलं, गेला म्हणाले.

"काका, आता तरी सोडा!"

हवालदार खाटीपासून मागं सरकला. "आता तं हातच लावू नको. कैदी मेला का मॅजिस्ट्रेट येईपर्यंत सगळं जसंच्या तसं ठेवा लागते."

अन् तो पुन्हा स्टुलावर बसला. मेलेल्या माणसाचा पहारा! थोड्या वेळानं बदलीचा शिपाई आला.

"कैदी?"

"एक. हजर."

शिपायानं सवयीनं बेडी ओढून पाहिली. म्हाताऱ्याची बोटं हलली.

हवालदाराची ड्युटी संपली, चावी त्यानं शिपायाजवळ देली, पण तो घरी गेला नाही. भिंतीले टेकून उभा राहिला.

लेक आली. तिनं बापाचं तोंड नाही पाहिलं, पहिले मनगट पाहिलं. "आता कुठं पळते तो?" तिनं विचारलं.

ऊन उतरता उतरता मॅजिस्ट्रेट आले. फोटो झाले, पंचनामा झाला. "काढा," ते म्हणाले. शिपायानं बेडी काढली.

हात खाली आलाच नाही, ताठून गेला होता. दांड्यापाशी तसाच हवेत, मनगट वाकलेलं, भोवती काहीच नाही. लेकीनं तो दोन्ही हातांनी दाबून पाहिला. मग तिनं चादर ओढली. चादरीखाली हात तंबूच्या खांबावाणी उभाच राहिला.